तिसऱ्या फ्लास्कात काहीच न घडले त्याची हकीकत

तापमान सदतीस अंश, फिरती मिनिटास दीडशे, अंमल इन्क्यूबेटरचा. ते समयी जे वर्तले ते कोणाची भीड न धरता लिहिले. खाडाखोड आहे ती तैसीच ठेविली.

मोहिमेचे कारण ऐसे. संशोधक ताई, पीएचडीचे चौथे साली, यांनी जिवाणूंचे पोटी युरिया फोडणारे जनुक परमुलखातून आणोन वसविले, आणि मग फौज कोट्यवधी जाहली, आणि हुकूम दिला की पाण्यातील कॅल्शियम धरोन त्याची चुनखडी करावी, म्हणजे काँक्रीटच्या भेगा आपोआप बुजतील. परंतु मार्गदर्शक मॅडमसाहेबांचे फर्मान सुटले की शुक्रवारी दोन प्रहरपावेतो स्फटिक न दाखविल्यास फ्लास्क घुसळणारा शेकर शेजारील यीस्टवाल्यांस बहाल होईल आणि ताईंनी नवा विषय धरावा.

फ्लास्क तीन मांडिले. पहिल्यात शिकविलेली फौज, दुसऱ्यात अडाणी फौज, तिसऱ्यात फौजच नाही, नुसती रसद.

सोमवारी सकाळी पहिला पांढरा जाहला. ताईंनी फत्तेचा खलिता मोबाइलवरून आईसाहेबांस रवाना केला, आणि आईसाहेबांनी तो मावशीस, आणि मावशीने सकळ गोतास, आणि मग काचसामान धुणारे मामा, तीस वर्षांचे जुने दरकदार, चष्मा कपाळी चढवोन पुढे आले.

"ताई, तो तिसरापण पांढराच आहे की."

"तिसऱ्यात जिवाणू घातलेच नाहीत, मामा."

"तेच म्हणतोय. न लढताच जिंकलात."

(येथे कागदावर मोठा डाग. पाचसहा शब्द लागत नाहीत. बहुधा शिव्या.)

तपास करता गनीम घरचाच निघाला. ताईंनी घाईने कॅल्शियम आणि फॉस्फेट एकाच बाटलीत ऑटोक्लेव्हचे वाफेत शिजविले, आणि ते उभयता तापताच परस्पर तह करोन पांढरे होवोन तळी बैसले. जिवाणूंचा त्यात काडीचा हात नव्हता. तितक्यात आईसाहेबांचा खलिता: मावशी विचारतेय, आमच्या गच्चीची भेग कधी बुजवतेस. ताईंनी मोबाइल पालथा ठेविला.

मग मामांनी फ्लास्क आम्लाने विसळले, आणि ताईंनी दोन्ही द्रव निरनिराळे शिजवोन, निववोन, थेंब थेंब मिळविले, आणि मंगळवारी मोहीम पुनश्च मांडिली.

शुक्रवारी साडेअकरास मॅडमसाहेब दाखल जाहल्या. पहिल्याचे तळी पांढरी रेती, दुसरा गढूळ परंतु रेतीविना. मॅडमसाहेबांनी दोहोंकडे ढुंकोनही न पाहता तिसरा उचलोन ट्यूबलाइटपुढे धरिला, आणि गोल फिरविला, आणि पुन्हा फिरविला.

"कोरा आहे," मामा म्हणाले. "मी स्वतः धुतलाय."

"तुम्हाला कोण विचारतंय, मामा? पहिल्यातल्या रेतीवर आम्ल टाक गं."

थेंब पडताच रेती फसफसली, चुनखडी ठरली. आज्ञा जाहली की शेकर ताईंकडे कायम, यीस्टवाल्यांनी आपली सोय पाहावी.

मग ताईंनी दप्तरी नोंद केली ती अक्षरशः येणेप्रमाणे: फ्लास्क तिसरा, काहीही नाही. आणि मॅडमसाहेबांनी त्याच ओळीखाली शिक्कामोर्तब केले.