हवालदार कुंदाची पलटण

आमच्या आळीत कुणाकडे श्राद्ध असलं आणि पानाभोवती कावळे जमले, की कुंदा अंगणात येऊन ओरडते, "गर्दी करू नका! एकेकाने या!" कावळे ऐकतात. निदान मला तरी तसं दिसतं. पण माझा चष्मा जुना आहे.

कुंदा माझी शेजारीण, निवृत्त हवालदार. हळदीकुंकू असो की गणपतीची आरती, तिचं वाक्य ठरलेलं. ती पहिल्यांदा खाकी वर्दीत आमच्याकडे खोली बघायला आली तेव्हा मी नवी सून होते आणि माझ्या अकलेला तोड नव्हती. मी तिच्या मागे बघत विचारलं, "पोलीस कुठेत?" चोर फक्त मिशीला घाबरतात अशी माझी पक्की समजूत! पुढे याच कुंदाने मच्छीबाजारात मंगळसूत्र खेचून पळणाऱ्याला कोळणीच्या टोपलीवरून उडी मारून धरलं. त्यानंतर आठवडाभर मी आळीत सांगत फिरले, "चोराला मिशी होती हो, हिला कुठेय?"

निवृत्तीनंतर खुर्चीत बसेल ती कुंदा कसली. रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर ती पोलीस भरतीला बसणाऱ्या मुलींना पळवते. फी नाही, बोलणी मात्र भरपूर. गोळाफेकीच्या सरावाला जांभा दगड, तोही कोळणीच्या काट्यावर तोलून घेतलेला. मला तिने चपला राखायला नेमलंय. माझ्या वेळी मुलगी धावताना दिसली की लोक विचारत, "कोण गेलं?" आणि इथे गावोगावच्या पोरी ओल्या वाळूवरून अशा सुटतात, की मी तोंड उघडं टाकून बघत राहते आणि कुत्रा चप्पल घेऊन पळतो.

तिथेच सुरूच्या बनात एक पोर लांबूनच बघत उभी असायची. सोनल. मुलगा म्हणून जन्मली, मुलगी म्हणून जगते. त्यापायी घर सुटलं. खानावळीत चपात्या लाटून राहते. एक दिवस कुंदाने शिट्टी मारली.

"काय गो, झाडं मोजतेस?"

"मॅडम, आता आमच्यासारख्यांनाही फॉर्म भरता येतो म्हणतात."

"मग उभी काय राहिलीस? पळ!"

एका मुलीच्या आईने नाक मुरडलं. "हिला कशाला आमच्या मुलींत?"

"पोलीस भरती आहे बाई," कुंदा म्हणाली, "वधूवर मेळावा नाही."

सोनल वर्षभर पळाली. मग मैदानी चाचणीचा दिवस आला. फाटकापाशी आईबाप डबे घेऊन उभे, पोरी देवाचं नाव घेतायत. रांगेतली दोन पोरं सोनलकडे बघून फिदीफिदी हसली आणि तिचे पाय तिथेच रुतले. "मॅडम, मी नाही जात. मला परत जाऊ द्या."

आता कुंदा आभाळ फाडणार म्हणून मी कान झाकायच्या तयारीत. ती हळूच म्हणाली, "जा तू. मी इथेच आहे."

"संध्याकाळ होईल, मॅडम."

"होऊ दे. माझी निवड झाली ना, तेव्हा बाहेर येऊन बघते तर फाटकाशी आपलं असं कुणी नाही. बापाने मला घराचं दार बंद केलेलं. सांगू कुणाला? शेवटी एस.टी.त कंडक्टरला सांगितलं, 'मी पोलिसात लागले.' तो म्हणाला, 'सुट्टे काढा.'"

सोनल हसली, डोळे पुसले आणि आत गेली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आम्ही. हे मला ठाऊक नव्हतं.

कुंदा दिवसभर उन्हात उभी. मी म्हटलं, "अगो, सावलीला तरी बस."

"नको वहिनी. ती बाहेर आली नि मी दिसले नाही तर?"

उन्हं उतरताना सोनल धावतच बाहेर आली. गुडघे नि खांदे मातीने माखलेले, वेणी सुटलेली. "मॅडम! गोळ्याला पैकीच्या पैकी! धावण्यात पण मागे नाही राहिले! आता लेखी!"

कुंदाने तिच्या खांद्यांवरची माती झटकली. झटकण्यासारखं काही उरलं नाही तरी झटकत राहिली. मग फाटकाशेजारच्या कट्ट्यावर तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"आता पुन्हा सांग," ती म्हणाली. "आत गेलीस तिथपासून सांग."