देवकीबाईंच्या कपाळाचा कौल

२००४ साली हे घडलं. पेडण्याहून पार्स्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या वाड्यात, म्हणजे त्या छोट्या वस्तीत, तेव्हा मोबाइल मोजून तिघांकडे होते. तरीही सकाळची बातमी दुपारपर्यंत कुणाला कळायची राहत नसे. त्या जानेवारीत देवकीबाईंच्या मुलाचा, सुदेशचा, साखरपुडा झाला. मुलगी डिचोलीची, ऋतिका. जेवणं चांगली झाली, विहीणबाई गोड बोलल्या, सगळं नीट पार पडलं. शेवटी फोटोची वेळ आली.

शिवदास फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हात हलवला. "आज्येक खुर्ची दियात रे! आजी, तुमी बसा. नवऱ्याच्या आवयक मदीं येवंक दियात!"

नवऱ्याची आई मधेच उभी होती. त्रेपन्न वर्षांची.

कुणीतरी हसलं. शिवदासने जीभ चावली. देवकीबाईही हसल्या, कारण पेडण्याच्या सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्क बाईला चारचौघांत दुसरं काही करता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांना, गोकुळदासांना, मात्र कुणी आजोबा म्हटलं नाही. ते साठीला आले होते. पण दर रविवारी जुनी गंजी घालून विहिरीपाशी बसत आणि केसांना कलप लावत. देवकीबाई दर रविवारी त्यांना एकच वाक्य ऐकवत. "वय झालं की मानून घ्यावं. देवानं दिलेल्या तोंडाला रंग कसले लावता?" कचेरीतली रंजना भुवया कोरून आली, तेव्हा "भुवया कोरल्या म्हणून फायली लवकर हलत नाहीत हां," असंही त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. रंजना त्या दिवशी डबा न खाता घरी गेली होती.

साखरपुड्याचा आल्बम आला. देवकीबाईंनी जमिनीचे नकाशे बघायचं भिंग घरी आणलं आणि जनेल उघडून उजेडात फोटो तपासले. कपाळावर आडव्या तीन रेघा होत्या. बालवाडीतल्या पोरानं पट्टीनं मारल्यासारख्या, सरळ आणि ठसठशीत. लग्न मे महिन्यात होतं. तिथेही फोटो शिवदासच काढणार होता.

मग वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. इंजेक्शनाने सुरकुत्या जातात. देवकीबाईंनी ती कात्रीने कापली आणि कुणाला सापडणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे सत्यनारायणाच्या पोथीत, ठेवली.

"केरीला भावाकडे जाऊन येते, त्याला बरं नाही," असं सांगून त्या पणजीला गेल्या. काचेचं दार, आत गारवा, मोगऱ्याचा वास. टेबलामागच्या मुलीने त्यांच्या तोंडाकडे असं बघितलं की देवकीबाईंना पदर पुढे ओढावासा वाटला.

"मॅडम, कपाळाचं काहीच नाही. पण गाल उतरलेत, हनुवटी सुटली आहे, डोळ्यांखाली पिशव्या आहेत. सगळं एकदम केलंत तर ओठ फुकट."

"ओठ नकोत मला. डॉक्टर कुठे आहेत?"

"सर बिझी असतात. टोचायला आमची टीम आहे ना. आजच नाव घाला, ही सवलत संध्याकाळपर्यंतच."

पुढल्या आठवड्यात भाऊ पुन्हा आजारी पडला आणि देवकीबाई म्हापशाला गेल्या. औषधांच्या दुकानावरच्या माडीवर कातडीच्या रोगांच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. बाकावर खाजवणारी माणसं दाटीनं बसली होती. डॉक्टरीणबाईंनी आधी बीपी बघितलं, कोणत्या गोळ्या घेता ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "मीच टोचते. थोडं काळं-निळं होईल, कधी डोकं दुखेल, आणि चार-पाच महिन्यांत रेघा परत येतील. घरी जा, विचार करा. नाही आलात तरी माझं काही अडत नाही."

देवकीबाई गोंधळात पडल्या. एक आपला माल गळ्यात मारते, दुसरी आपल्याच मालाची खोट सांगते. कोळंबी घेताना अशी मासळीवाली भेटली असती तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नसतं. मन पणजीच्या मोगऱ्याकडे ओढत होतं, पण त्या टोचणाऱ्या टीमची भीती वाटत होती. कुणाला विचारायची तर सोय नव्हती. आमच्याकडे अशी सोय नसली की देवाला विचारतात.

कौल कसा लावतात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. देवाच्या अंगावर दोन्हीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. पण त्याआधी गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, आणि देवळात असतील ते सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला साथ देतात. देवकीबाईंनी मुद्दाम आडवार निवडला, दुपारची वेळ निवडली. नेमकी तेव्हाच भजनी मंडळाची बैठक देवळात भरली होती.

"दुखणां खंयचां?" बाबली गुरवाने विचारलं.

"एका कामासाठी दोन डॉक्टर आहेत. कुणाकडे जाऊ एवढंच विचार," देवकीबाई पुटपुटल्या.

"तशें जायना देवकीबाय. देवाक उकतें, उघड सांगचें पडटा. ना जाल्यार तो उरफाटो जबाब दिता."

भजनी मंडळाने बोलणं थांबवलं होतं. देवकीबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "कपाळाचं आहे," त्या म्हणाल्या. ते खोटंही नव्हतं.

बाबलीच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याने आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ही तुजी लेक देवकी आज तुज्या पायांकडे उबी आसा. हिच्या मस्तकात दुखणां उत्पन्न जालां, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हापशेक गुण येवपाचो आसत तर उजवो दी, पणजेक येवपाचो आसत तर डावो दी, आनी हिका हिच्या चेड्याचां लगीन बगूंक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भजनी मंडळातल्या दोघांनी डोळे पुसले. उजवी पाकळी पडली.

त्याच वेळी देवकीबाईंनी तोंड उघडायला हवं होतं. पण उघडून काय सांगणार? रंजनाच्या भुवया आठवल्या, रविवारची विहीर आठवली, आणि त्या प्रसाद घेऊन घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी पाव घेऊन आलेल्या पोदेराने सायकलवरून उतरून विचारलं, "बाये, आतां बरें आसा?" दुपारी पार्स्याहून नणंद सुलोचना नारळ आणि रडू दोन्ही घेऊन आली. "वयनी, इतलें व्हडलें दुखणें आनी तुवें आमकां सांगूंक ना गो! भावाकडे म्हणून दाक्तरांकडे भोंवतालीस!" कचेरीत रंजनाने त्यांच्या टेबलावरच्या फायली गुपचूप स्वतःकडे घेतल्या. देवकीबाईंनी "अगं, तसं काही नाही," म्हटलं, तर रंजनाचे कोरलेल्या भुवयांखालचे डोळे भरून आले. "बाई, तुम्ही किती धीराच्या," ती म्हणाली. देवकीबाई तोंड धुवायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी डिचोलीहून विहिणींचा फोन आला. "बोलू नये, पण बरंवाईट झालं तर लग्न वर्षभर लांबेल. आम्ही हॉल बघितलाय. अठरा एप्रिलला उरकून घेऊ या." गोकुळदास 'बरं' म्हणाले आणि रिसीव्हर ठेवून देवघरात गेले. ते आत बराच वेळ होते.

म्हापशाला देवकीबाईंना एकटं कोण जाऊ देणार? गोकुळदासांनी भाड्याची गाडी आणली. पिशवीत थर्मास, दोन नाइटी, चादर. सुलोचना मागे बसून वाटभर जप करत होती. दवाखान्याच्या बाकावर ती खाजवणाऱ्या माणसांपासून अंग चोरून बसली आणि नवराबायको आत गेली.

"केलात विचार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भुवया वर उचला बघू."

"डॉक्टर, ऑपरेशन कितल्या वेळाचें?" गोकुळदासांनी बाही वर सारली. "हांव रगत दिवंक तयार आसा."

"रक्त कशाला? पाच टोचण्या आहेत. पंधरा मिनिटांत घरी."

"डोक्यातल्या रोगाक?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून देवकीबाईंकडे पाहिलं. भिंतीवर गजकर्णाचं रंगीत चित्र होतं. देवकीबाई त्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "रोग नाहीये. सुरकुत्या आहेत. शिवदासनं मला आजी म्हटलं म्हणून."

गोकुळदास वजनकाट्यावर बसले. "म्हणजे... तूं मरना?"

"नाही हो."

त्यांनी रुमालात तोंड घातलं. खांदे हलत होते. ते हसतायत की रडतायत ते देवकीबाईंना कळेना, आणि विचारायचं तोंड नव्हतं.

"यजमानांना पसंत नसेल तर आज राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गोकुळदासांनी रुमाल खाली घेतला. "ना, ना. देवान उजवो दिला. टोचात."

परतताना गाडीत ते आपल्या काळ्याभोर केसांवरून सारखा हात फिरवत होते. सुलोचनाला झोप लागल्यावर हळूच म्हणाले, "हांवें आंगवण केल्या गो. तूं बरी जाल्यार कलप सोडटलों म्हणून. तुका आवडना न्हू तो."

"पण मला काही झालंच नव्हतं! असला नवस लागू होत नाही."

"तें देवाक कशें सांगतलें? सगळ्या वाड्यान व्हय म्हटलां."

अठरा एप्रिलला लग्न लागलं. देवकीबाईंचं कपाळ धुतलेल्या पाटासारखं सपाट होतं. गोकुळदासांच्या डोक्यावर मुळांशी पांढरं आलं होतं. दोन रंगांत फिरायला नको म्हणून त्यांनी बारीक कापून घेतलं, आणि डोकं कापसाच्या बोंडासारखं दिसू लागलं. शिवदासने कॅमेऱ्याला डोळा लावला.

"आजोबा, तुमी मागीर. आदीं नवऱ्याच्या आवय-बापायक येवंक दियात!"

गोकुळदास स्टेजवरून उतरले आणि खुर्चीवर जाऊन बसले. देवकीबाईंना रडू आलं, पण कपाळ हललं नाही. पाहुण्यांना वाटलं, बाई किती शांत! त्या खाली गेल्या, सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना वर आणलं. "हे नवऱ्याचे वडील," त्या शिवदासला म्हणाल्या. "नीट बघून काढ."

काम झालं की देवाला सांगावं लागतं. आठ दिवसांनी बाबलीने पुन्हा आवाज लावला. या वेळी तर अख्खा वाडा जमला होता. "बा म्हाराजा! हिच्या मस्तकातलां दुखणां तुवें..."

"थांब बाबली," देवकीबाई म्हणाल्या. "दुखणं नव्हतं. सुरकुत्या होत्या. फोटोसाठी घालवल्या. मी खोटं बोलले."

बाबलीचं तोंड उघडंच राहिलं. मग, गुरव थांबला की बोलायचं या सवयीने, मागून कुणीतरी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

त्यानंतर बाबलीने कुणाचंही गाऱ्हाणं घालण्याआधी "खरें सांग हां" असं बजावायला सुरुवात केली, ते मरेपर्यंत. सुलोचना पंधरा दिवस बोलली नाही. सोळाव्या दिवशी तिने म्हापशाच्या दवाखान्याची वेळ विचारली, आणि पार्स्यात कुणी विचारलं तर ती भावाकडे गेलेली असते. देवकीबाईंनी रंजनाची माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, फायली परत घ्या आता." शिवदास पुढे मुंबईला मुलाकडे गेला. सुदेश आणि ऋतिका पर्वरीला राहतात. गोकुळदासांनी पुन्हा कलप लावला नाही. रविवारी ते नुसतेच विहिरीपाशी बसत.

आणि देवकीबाई? त्या परत टोचायला गेल्या नाहीत. त्याच वर्षी चवथीला गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं खालून देताना त्यांनी वर पाहिलं, आणि शिडीवर उभ्या असलेल्या गोकुळदासांना त्यांच्या कपाळावर पहिली रेघ दिसली.

"आयली गो," ते म्हणाले. पाहुणी दारात आल्यावर म्हणावं तसे.