पानसेकाकांची प्रदक्षिणा

पानसेकाका कुठल्याही वाहनात बसण्याआधी त्याला एक प्रदक्षिणा घालतात. मग ती रिक्षा असो, बस असो, नाहीतर ओळखीतल्या कुणाची नवी कोरी गाडी. हात मागे बांधलेले, मान किंचित वाकलेली, नजर चाकांवर. एकदा वारज्याच्या चौकात एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "अहो काका, हे देऊळ नाहीये."

काका मागच्या चाकापाशी वाकलेले होते. तिथूनच म्हणाले, "देवळात आज नाही गेलो तर उद्या जाईन. तुमचा हा गुळगुळीत टायर नाही बघितला, तर देवाकडे आजच जाईन." आणि दुसऱ्या रिक्षाकडे चालू लागले.

स्वतःच्या भाचीच्या लग्नात त्यांनी वरातीची गाडी थांबवली होती. नवरा-नवरी आत बसलेली, बँडवाले फुगलेल्या गालांनी वाजवतायत, आणि काका मागे उभे राहून झेंडूच्या माळा ओढून काढतायत. बहीण धावत आली. "अरे मुकुंदा, काय चाललंय तुझं?"

"मागून येणाऱ्याला यांचं लग्न दिसतंय," काका म्हणाले, "ब्रेकचा दिवा दिसत नाहीये."

आमची ओळख झाली ती वाघोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत. मी तिथे बुकिंगला होते आणि काका सेफ्टी ऑफिसर. त्यांची आधीची सगळी नोकरी एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली होती. रिटायर झाल्यावर घरी काय करायचं, म्हणून आमच्या मालकांच्या ओळखीने ते इकडे आले. वारज्याहून दोन बस बदलून यायचे, कारण त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. ट्रक सोडाच, स्कूटरही नाही. नव्या ड्रायव्हरला हे कळलं की तो गालातल्या गालात हसायचा. काका त्याला हसू द्यायचे आणि मग सांगायचे, "मी गाडी चालवत नाही. चालवणाऱ्यांना थांबवतो. तेवढ्याचाच पगार आहे मला."

शनिवारी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा वर्ग भरायचा. ड्रायव्हर मंडळी चहाचे कप घेऊन बाकांवर टेकायची. काका एकाला ट्रकच्या केबिनमध्ये चढवायचे आणि स्वतः छत्री उघडून ट्रकभोवती फिरत राहायचे. "सांगा, मी कुठंय?"

"डाव्या अंगाला... आता न्हाई दिसत, सर."

"आणि आता?"

"आता बी न्हाई."

मग बंपरच्या अगदी पुढ्यातून छत्री वर यायची. "दिसतो त्याला तुम्ही शिव्या देता, म्हणून तो वाचतो. चाकाखाली येतो तो न दिसणारा. वळायच्या आधी त्याला शोधा."

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं, याचं त्यांचं माप वेगळंच होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया' म्हणायला लागायचं. सावकाश, दोनदा. म्हणून व्हायच्या आत आपण त्या खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर रफिकभाई एकदा मिश्किलपणे म्हणाले, "सर, आम्ही काय म्हणायचं?"

"तुमच्या देवाचं नाव घ्या. देव कुठलाही चालेल, अंतर तेवढंच लागेल."

उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "डिझेल वाचतं हो," ते म्हणायचे, "वापरायला माणूस उरत नाही." आणि झोपेच्या बाबतीत तर ते कुणाचं काही ऐकून घेत नसत. "चहाने झोप जाते असं चहावाला सांगतो. झोप फक्त झोपल्याने जाते. डोळा जड झाला की पंपावर नाहीतर ढाब्यावर गाडी लावा, चाकांना दगड लावा, फोन बंद करा आणि आडवे व्हा. माल उशिरा पोचला तर मालकांशी मी भांडेन." ते खरंच भांडायचे. मालक त्यांना येताना बघून मागच्या दाराने गोदामात जायचे.

त्या दुपारी मात्र मालकही आमच्याबरोबर ऑफिसात उभे होते.

सोपान नावाचा आमचा ड्रायव्हर सांगलीहून माल घेऊन येत होता. साताऱ्यातून त्याने बायकोला फोन केला होता, दुपारी जेवायला घरी येतो म्हणून. नंतर त्याचा फोन बंद. त्या गाडीचं जीपीएसही नेमकं बिघडलेलं. त्यातच सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कात्रजच्या बोगद्यानंतरच्या उतारावर एक ट्रक आडवा पडलेला, केबिन चेपलेली, केशरी. आमच्या सगळ्या गाड्या केशरी. नंबर दिसत नव्हता.

रफिकभाईंनी कुणी सांगायची वाट बघितली नाही. मोटारसायकल काढली आणि निघाले. वाघोलीहून तिकडे पोचायचं म्हणजे अख्खं पुणे ओलांडायचं.

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आमचा फोन जुना, पलीकडचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू यायचं. सोपानची बायको होती, सुनंदा, मांजरीच्या घरून.

"मॅडम, यांचा फोन लागंना. त्यो व्हिडिओ आलाय, ती आपलीच गाडी हाय का?"

काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. मला वाटलं, आता हा माणूस हिलाही काहीतरी तिरकस ऐकवणार.

"सुनंदाबाई, मी पानसे बोलतोय. ती गाडी कुणाची आहे ते मला अजून ठाऊक नाही. रफिकभाई बघायला गेलेत. कळलं की त्याच क्षणी तुम्हाला सांगेन, लपवणार नाही. घरी कोण आहे तुमच्याजवळ?"

"कुनी न्हाई. सासूबाई गावाला गेल्यात."

"मग फोन ठेवू नका. बोलत राहा. आज जेवायला काय केलंय?"

पलीकडे हुंदका आला. मग बारीक आवाजात, "भरीत. यांना आवडतं."

"वांगं गॅसवर भाजता की चुलीवर?"

"चुलीवर. गॅसवरचं यांना चालत न्हाई."

"बरोबर आहे त्यांचं. शेंगदाण्याचं कूट घालता का? मी घालतो, पण ते फार कोरडं होतं."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. काका भरताची कृती विचारत होते, कांदा आधी की मिरची आधी इथपर्यंत, आणि दुसऱ्या हाताने मला खुणा करत होते, पंपांना फोन लावा, पंपांना. मी माझ्या मोबाइलवरून हायवेच्या एकेका पंपाला विचारत सुटले. काकांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. कपाळावरचा घाम मात्र ते पुसत नव्हते, कारण हात मोकळा नव्हता. आणि सुनंदाचा आवाज हळूहळू जाग्यावर येत होता. एकदा तर ती म्हणाली, "अवं, एवढा वेळ परतलं तर करपंल की!"

मग मालकांच्या मोबाइलवर रफिकभाईंचा फोन आला. गाडी आपली नाही. त्या ट्रकचा ड्रायव्हरही बाहेर निघालाय, हात मोडलाय, पण शुद्धीवर आहे, पाणी मागतोय.

काकांनी ते शब्दाला शब्द सुनंदाला सांगितलं.

"मग ह्ये कुठं हायत?" ती म्हणाली.

मी स्पीकर सुरू करून पुढचा नंबर लावला. शिरवळच्या अलीकडचा एक पंप. तिथला माणूस बोलत बोलत बाहेर गेला आणि म्हणाला, "केशरी ट्रक उभा आहे की मागं झाडाखाली. चाकांना दगड लावलेत, नंबर चिखलाने झाकलाय. आत एकजण झोपलाय. उठवू का?"

"उठवा, उठवा!" मालक ओरडले.

"उठवायचं नाही!" काका त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "अर्धवट झोपेतला ड्रायव्हर मला त्या उतारावर नकोय. त्याचा तो उठेल."

"अहो पानसे, पण तो सोपानच आहे कशावरून?"

हा प्रश्न सुनंदाचाही होता. शेवटी पंपावरच्या माणसाने स्वतःचा फोन केबिनच्या खिडकीतून आत धरला. मी माझा मोबाइल काकांच्या हातातल्या रिसीव्हरला चिकटवला. खोलीत एक लांबलचक, खालून वर चढत जाणारं घोरणं ऐकू आलं. मध्येच अडकलं, शिट्टी वाजली, पुन्हा सुरू झालं.

"ह्येच हायत!" सुनंदा किंचाळली. "शिट्टी यांचीच!" आणि ती हसायला लागली. हसताहसताच रडायला लागली. मालक खुर्चीत बसले. मला स्वतःलाही हसू आवरेना.

काकांचा चेहरा अजून ताठ होता. "झोपण्याआधी घरी कळवायचं, हे मी वर्गात सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "येत्या शनिवारी सांगतो. पहिल्या बाकावर बसवून सांगतो." मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळापासून मानेपर्यंत बराच वेळ पुसत राहिले.

"सुनंदाबाई, आता जेवून घ्या. त्यांना यायला वेळ आहे."

"यांचं ताट झाकून ठेवते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "काका, तुमी जेवलात का?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"राहिलंच आज," ते म्हणाले.

"डबा हाय ना? उघडा बरं. तुमी बसा, मग मी बसते."

त्यांनी रिसीव्हर मानेत धरला आणि पिशवीतून डबा काढला. मी मालकांना खुणेनेच बाहेर चलायला सांगितलं.

"काय आनलंय?" सुनंदा विचारत होती.

"पोळी आणि बटाट्याची भाजी. पोळी जरा वातड झालीय."

"घरी कोन करतं सैपाक?"

"मीच. करायला दुसरं कुणी नाही."

दार लोटून घेताना मला तिचं बोलणं ऐकू आलं. "मग सावकाश जेवा, काका. मी हाय फोनवर."