पंधरावा शंख

कुठलीही परिसंस्था नीट समजून घ्यायची असेल, तर ती आपल्या घरापासून किमान चार हजार किलोमीटर लांब असावी लागते, हे आता उच्च शिक्षणात सर्वमान्य झालं आहे. जवळच्या परिसंस्थेत अभ्यासाला लागणारी तटस्थता येत नाही. नाशिकच्या विद्यार्थ्याला गोदावरीकाठी उभं केलं, तर त्याला आधी वास येतो आणि मग गाडी कुठे लावली ते आठवतं. पेठच्या जंगलात नेलं, तर त्याची आई पोळीभाजीचा डबा देते आणि दार लावून घेते. औक्षण होत नाही. औक्षणाशिवाय झालेलं शिक्षण टिकत नाही.

हे सगळं ध्यानात घेऊन गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयानं (नाव देत नाही, प्रवेशाला उगाच गर्दी होते) पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची अभ्यास सहल उष्णकटिबंधातल्या एका बेटावर नेली. ट्रॅव्हल्सवाल्यानं दोनदा देश बदलला, बॅनर मात्र पहिल्याच देशाचं राहिलं. पालकसभेत कुणीतरी तशी शंका काढलीच. विभागप्रमुख शेखर सर शांतपणे म्हणाले, "बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. ते कुठल्याही देशात तसंच असतं." अभ्यासाचा विषय होता 'बेटावरील परिसंस्थेवर मानवी हस्तक्षेपाचे परिणाम'.

त्या सभेत दुसऱ्या रांगेत उज्वलाताई बसल्या होत्या. त्यांची हर्षाली या सहलीला निघाली होती. त्यांच्या घराण्यात आजवर सगळ्यात लांबचा प्रवास इगतपुरीच्या पुढे बोगद्यांपर्यंत झालेला (पुढे मुंबई होती, पण लग्नाहून लगेच परतायचं होतं). त्यामुळे निरोप द्यायला सोसायटीतली चौदा घरं आली. कुणी नारळ दिला, कुणी पेढे, कुणी ओटी भरली. हर्षाली अविवाहित आहे हे ओटी भरणाऱ्या बाईंच्या नंतर लक्षात आलं, पण परदेशाचं निमित्त असल्यानं कुणी मनावर घेतलं नाही.

उज्वलाताईंनी चौदाही नावं डायरीत उतरवून घेतली. जो नारळ देतो, त्याला परदेशाहून काहीतरी आणावं लागतं. हा कायदा कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच बेटावरून फोन आला.

"आई, इथं सगळं लई महाग आहे. चॉकलेट आणू का?"

"चॉकलेट कॉलेजरोडला मिळतं, बाई. बघितल्यावर फॉरेनचं वाटलं पाहिजे. तिथं शंखबिंख पडलेले नसतात का किनाऱ्यावर?"

"असतात की."

"मग चौदा आण. सारख्या आकाराचे आण, नाहीतर खालच्या सिंधुबाई तोंड फुगवतील. आणि एक आपल्याला."

अशा डायऱ्या अडतीस घरांत होत्या, कारण विद्यार्थी अडतीस होते. सहलीचा पहिला दिवस आगमन आणि विश्रांतीचा होता. दुसऱ्या दिवशी मॉल झाला (अहवालात 'मानवी हस्तक्षेपाची पाहणी'). तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा ते अकरा दहा या वेळात परिसंस्था होती. चौथ्या दिवशी परत. परिसंस्थेच्या चाळीस मिनिटांत विद्यार्थ्यांनी सहाशे अकरा शंख गोळा केले. म्हणजे मिनिटाला पंधरा. वर्गात कधीच न दिसलेली एकाग्रता पाहून शेखर सरांचे डोळे भरून आले. किनाऱ्यावर 'शंख उचलू नयेत' अशी तीन भाषांमधली पाटी होती. त्यात मराठी नव्हती. ग्रुप फोटो त्याच पाटीसमोर काढला, त्यामुळे ती दिसेनाशीही झाली.

हर्षालीची मैत्रीण इन्शा तेवढी खाली वाकून बघत होती. तिला काही खेकडे बाटल्यांची प्लास्टिकची बुचं पाठीवर घालून फिरताना दिसले. तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, "याला अनुकूलन म्हणतात. लिहून घ्या." सगळ्यांनी लिहून घेतलं.

अहवालातलं निरीक्षण क्रमांक चार मुळातूनच वाचण्यासारखं आहे: 'सकाळी साडेदहा वाजता किनाऱ्यावर शंख विपुल प्रमाणात आढळले. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते अत्यल्प आढळले. ही घट चिंताजनक असून तिची कारणे शोधण्यासाठी पुढील वर्षी पुन्हा सहल नेणे आवश्यक आहे.'

हर्षाली परतल्यावर दोन दिवसांत चौदा शंख चौदा घरी पोचले. पंधरावा उज्वलाताईंनी शोकेसमध्ये ठेवला, गणपतीच्या उजव्या बाजूला. शोकेसची काच दोन वर्षांपूर्वी फुटली होती, त्यामुळे हवा चांगली खेळती होती. मंगळवारी पुसायला गेल्या तर शंख गणपतीच्या डावीकडे. बुधवारी तो टीव्हीखाली, वायफायच्या डब्याजवळ. गुरुवारी सकाळी तो त्यांच्या देखत चालायला लागला.

"हर्षाली, तुझा शंख चालतोय."

"वाऱ्यानं हलला असेल गं."

"वाऱ्याला पाय नसतात. याला आहेत. सहा मोजले मी."

हर्षाली दात घासता घासता बाहेर आली, आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून त्याच्याजवळ वाकली. तो हर्मिट क्रॅब होता. पुस्तकी मराठीत संन्यासी खेकडा. याचं मागचं अंग मऊ असतं, अगदी उघडं. मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख सापडला की हा त्यात शिरतो आणि जन्मभर तो पाठीवर घेऊन हिंडतो. वाढला की मोठा शंख शोधतो. नाहीच मिळाला तर वाळून मरतो. हे सगळं हर्षालीनं रडत रडत सांगितलं. सेमिस्टरला हा धडा होता आणि तिला त्यात दहापैकी नऊ होते.

"म्हणजे हा भाड्यानं राहतो," उज्वलाताई म्हणाल्या. एवढं त्यांना लगेच कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या अकरा वर्षांत त्यांनी सिडकोतल्या सात खोल्या बदलल्या होत्या.

त्यांनी त्याला राहायला पत्र्याची पसरट पाटी दिली, ओली वाळू दिली, एका वाटीत साधं पाणी आणि दुसऱ्या वाटीत हर्षालीनं मोजूनमापून केलेलं खारं पाणी ठेवलं. खोबऱ्याचा तुकडा आणि एक द्राक्षही ठेवलं. द्राक्ष निर्यातीच्या मालातलं होतं. असं द्राक्ष खायला नाशिकच्या माणसाला परदेशात जावं लागतं, हा परदेशातून येऊन खात होता.

त्याला परत पाठवायची काही सोय होते का, हे विचारायला हर्षाली त्याला स्टीलच्या डब्यात घालून महाविद्यालयात घेऊन गेली. (झाकणाला उज्वलाताईंनी दाभणानं भोकं पाडून दिली होती. डबा रुखवतातला होता.) शेखर सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग डब्यात पाहिलं. मग उठून फाइल काढली.

महिन्याभरात तपासणी समिती यायची होती. समितीच्या तक्त्यात 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी आदानप्रदान' असा रकाना असतो. 'येथून गेलेले' खाली अडतीस लिहिलं होतं. 'तेथून आलेले' खाली सलग सात वर्षं शून्य.

"हा तिथला रहिवासी आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर, पण..."

"आपल्या खर्चानं आणलाय?"

"आणलाय सर, पण चुकून."

"आदानप्रदान चुकूनच सुरू होतं." सरांनी पेन उघडलं.

प्रवेश अर्ज रीतसर भरला गेला. वडिलांचे नाव: उपलब्ध नाही. मातृभाषा: मौन. वसतिगृहाची आवश्यकता: नाही (स्वतःचे आहे). उज्वलाताईंना 'यजमान कुटुंब' असं प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी शोकेसमध्ये शंखाच्या रिकाम्या जागी उभं केलं. विद्यार्थी म्हणून तो कुणाच्याही डोळ्यांत भरावा असाच होता. हजेरी शंभर टक्के, वर्गात बडबड नाही, मोबाइल नाही. समिती आली तेव्हा एका सदस्यांनी डब्यात डोकावून इंग्रजीत विचारलं, नाशिक कसं वाटलं? तो चटकन शंखात शिरला. 'विद्यार्थी लाजाळू परंतु समाधानी', अशी नोंद झाली. महाविद्यालयाला त्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले. 'परदेशी विद्यार्थी: १' असा फलक गेटवर लागला, तो अजून आहे.

त्यानंतरच्या सोमवारी त्यानं खाणं सोडलं.

"शंख लहान होतोय त्याला," इन्शा म्हणाली. "बघा ना काकू, आत मावत नाहीये." खरंच मावत नव्हतं. पाय आत ओढले तरी नांगी बाहेर राहायची, आणि तो ती तोंडाशी आडवी धरून बसायचा, दार नसलेल्या मोरीत बाई पातळ धरून बसते तसा.

हर्षाली सरांकडे धावली. सरांनी तत्परतेनं मागणीपत्र केलं: शंख, नग एक, आतून गुळगुळीत, पूर्वीपेक्षा एक माप मोठा. नियमाप्रमाणे तीन पुरवठादारांची दरपत्रकं यायला हवी होती. मार्चअखेर काम होईल, असं सर म्हणाले.

"सर, तो पंधरा दिवस पण नाही काढणार."

"मग वर 'तातडीचे' असं लिही. लाल पेनानं."

हर्षाली घरी येऊन पाटीजवळ बसून राहिली. जेवली नाही. "मीच उचलला ना त्याला," एवढंच म्हणत राहिली. उज्वलाताईंना ते ऐकवेना. 'एक आपल्याला' कुणी सांगितलं होतं, ते त्या दोघींनाही माहीत होतं, आणि पोरगी तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं बोलत होती.

उज्वलाताईंनी डायरी काढली. चौदा शंख त्यांनीच तर वाटले होते, आणि सिंधुबाईंच्या धाकानं सगळे सारख्या आकाराचे, या पंधराव्यापेक्षा जरा मोठेच. पण दिलेलं परत मागायचं कसं? बावीस वर्षांत शिऱ्याबरोबर शेजारी गेलेल्या वाट्यासुद्धा त्यांनी कधी परत मागितल्या नव्हत्या. (अशा वाट्या एकोणीस. कुठली कुठे आहे ते त्यांना माहीत आहे.) त्यांनी साडी बदलली, डबा हातात घेतला आणि हर्षालीला घेऊन निघाल्या.

तळमजल्यावर सिंधुबाईंनी शंख देवघरात बसवला होता. त्याला रोज हळदकुंकू. "ताई, त्यो आता देवाचा झाला. देवाचं उचलून खेकड्याला द्यायचं व्हय? मला नाय जमायचं."

समोरच्या हाजराभाभी लगेच आत गेल्या आणि शंख घेऊनच आल्या. त्यांच्या अदनाननं त्याला मधोमध भोक पाडून गाडीच्या किल्लीला अडकवला होता. "घेऊन जा ना भाभी, किल्ली काढून देते. पण भोकाच्या घरात राहील का तो?" दोघींनी मिळून शंख उजेडाकडे धरून पाहिला. आरपार दिसत होतं. "गळेल," उज्वलाताई म्हणाल्या. हाजराभाभींनी त्यांना बसवून पाणी दिलं. तेरा घरांत मिळालं ते एवढं पाणीच.

दुसऱ्या मजल्यावरच्या वैष्णवीनं शंख पारदर्शक रसायनात गोठवून त्याचं घड्याळ केलं होतं. ते दहा मिनिटं मागे होतं. कुंदननं तो साहेबांना भेट दिला होता, साहेबांनी त्यांच्या साहेबांना, आणि आता तो कुठल्या कार्यालयात कागदांवर बसलाय हे माहितीच्या अधिकारातच कळेल. तीन घरांनी तो 'आमच्या भाचीनं आणला' असं सांगून पुढच्या नारळाच्या बदल्यात खपवला होता. एकीच्या नातवानं फोडून पाहिला, आत काय आहे म्हणून. आत काही नव्हतं. एक बाई म्हणाल्या, "अहो, आठवण आहे हर्षालीची," आणि डोळ्यांना पदर लावला. हर्षाली त्यांच्या समोरच उभी होती.

तेरा घरं झाली.

घरी आल्यावर उज्वलाताईंनी पाटीत जे हाताला लागलं ते ठेवलं. जिऱ्याच्या डबीचं झाकण, शिवताना बोटात घालायचं टोपण, खोबरेल तेलाच्या बाटलीचं निळं बूच. सकाळी पाहिलं तर तो शंख सोडून बुचात शिरला होता. हर्षालीनं फोटो काढून सरांना पाठवला. सरांचं उत्तर आलं, 'अनुकूलन! वार्षिकांकाच्या मुखपृष्ठाला घेऊ.' बूच तोकडं होतं. पाठीचा गुलाबी मऊ भाग बाहेर राहत होता. उज्वलाताई दर अर्ध्या तासानं शिवण बाजूला ठेवून त्यावर बोटानं पाणी शिंपडायच्या आणि म्हणायच्या, "थांब हं. एक घर राहिलंय."

ते चौदावं नाव मी इथं देत नाही. ज्याचं आहे त्याला कळेल. शंख टीव्हीखालच्या शोकेसमध्ये आहे, लग्नाच्या फोटोच्या आणि कुणीतरी दिलेल्या काचेच्या हंसाच्या मधे. कुणी आणला होता हे आता नक्की आठवत नाही. पाहुण्यांची पोरं आली की तो कानाला लावून समुद्र ऐकू येतो का बघतात. बाकी त्याचा काही उपयोग नाही, म्हणूनच तो आल्या दिवसापासून जागचा हललेला नाही.

बेल मघापासून वाजतेय, दार उघडा. दारात उज्वलाताई असतील, हातात भोकं पाडलेला स्टीलचा डबा. तोंडानं मागणार नाहीत, त्यांना सवय नाही. "सहज आले होते," म्हणतील. चहा नको म्हणतील. मग तुमच्या खांद्यावरून शोकेसकडे बघतील.

तुम्ही काय म्हणणार आहात, ते त्यांना तेरा घरांत पाठ झालं आहे.