दोन विभागांतलं एक झाड

निसर्ग सुंदर असतो, पण त्याला स्वतःचा फोटो काढता येत नाही. म्हणून विद्यार्थी निर्माण झाले. महाविद्यालयाच्या छायाचित्र समितीचं हे मूलभूत धोरण. स्पर्धेचे विभाग दोन: निसर्ग आणि नागरी जीवन. निसर्गात माणूस दिसता कामा नये, नागरी जीवनात माणूस सुखी दिसता कामा नये. (गेल्या वर्षी एका हसऱ्या म्हातारीला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नव्हतं.)

या धोरणाने दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी पेचात सापडली; घरी तिला धाकटी म्हणत. तिच्या घरासमोर शिरीषाचं डेरेदार झाड होतं, पण त्याच्या सावलीत तिचे बाबा सायकलींची पंक्चर काढत बसत. चौकटीत कायम त्यांचं डोकं लुडबुडे. शिवाय ते काम करताना गुणगुणत. म्हणजे नागरी विभागातूनही बाद.

शेवटी नगरपालिकेलाच पोरीची दया आली. एका सकाळी रस्ता रुंद करणारी माणसं यांत्रिक करवत घेऊन कोपऱ्यावर हजर झाली.

"अगं, फोन लाव! तुझ्या सरांना लाव, कुणालाही लाव!" हातातली ट्यूब टाकून बाबा करवतीकडे धावले.

धाकटीने फोन काढला. आणि तिच्या लक्षात आलं, चौकट आज पहिल्यांदाच मोकळी आहे. ऊनही कोवळं होतं. तिने निसर्ग उरकून घेतला.

झाड आडवं झालं. बाबा बुंध्यापाशी मटकन बसले. फोटो हलून चालणार नव्हता. म्हणून तिने फोन विजेच्या खांबाला टेकवला.

"बाबा, जरा डावीकडे. चेहऱ्यावर उजेड येऊ द्या."

बाबा सरकले. (लेकीचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.)

झाडाला निसर्ग विभागात दुसरं बक्षीस मिळालं, बाबांना नागरी विभागात पहिलं. 'वेदना अगदी नैसर्गिक', असा परीक्षकांनी शेरा दिला. त्यामुळे विभाग चुकला की काय, यावर थोडा खलही झाला.

प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्वतःसमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान आलाय गं," ते म्हणाले. मग हळूच, "तेव्हा फोन लागलाच नाही का कुणाला?"

 तेवढ्यात अध्यक्षांनी धाकटीला मंचावर बोलावलं आणि कलेने तिची अब्रू राखली.

रसिक मात्र मनापासून हळहळले. ऐंशी टक्क्यांनी फोटोचा फोटो काढला, उरलेल्यांनी फोन कुठल्या कंपनीचा ते विचारलं. बाबा आता कुठे बसतात, हे कुणीच विचारलं नाही.

तुम्हीही इथवर वाचत आलात. विचारलंत?