चोवीस किलोच्या आत

मासे धुरावर वाळवणाऱ्या बाईने वजनाबद्दल काही सांगितलं तर ते ऐकावं, हे जगभर मान्य असलेलं तत्त्व आहे. मी ऐकलं नाही. (मी पदवीधर आहे.) आमच्या योपूगाँ उपनगराच्या बाजारात तांती ओदेत, म्हणजे सगळ्यांची ओदेतमावशी, तीस वर्षं मासे वाळवते. माझ्या नऊ वर्षांच्या एस्तेलचं नाव मी तायक्वांदो क्लबात घातलं, त्या दिवशी ती टोपलीवरून मान वर न करता म्हणाली, "अगं पोरी, मी मासा धुरावर धरते तेव्हा तो आधी मेलेला असतो. तुझा तो क्लबवाला झोकू जिवंतपणीच वाळवायला सुरू करतो."

मी हसले, आणि दोन मासे जास्त घेतले.

क्लबात घालायचं कारण वैद्यकीय होतं. एस्तेलला भूक लागत नव्हती, आणि व्यायामाने भूक लागते, असं डॉक्टरांचं मत पडलं. मी काही बेफिकीर आई नव्हे. फी भरण्यापूर्वी क्लबची दारं, खिडक्या, संडासाच्या कड्या, चटईचे सांधे आणि प्रशिक्षकांच्या नजरा, सगळं तपासून घेतलं. सगळं चोख. इतर क्लबांत जिथे चषकांचं कपाट असतं, तिथे इथे निळ्या मखमलीखाली एक वजनकाटा होता. मला त्याची स्वच्छता फार आवडली.

काट्याला एवढा मान का, हे कळायला क्लबचे अध्यक्ष मेत्र, म्हणजे गुरुजी, आन्सेल्म झोकू यांचं चरित्र माहीत हवं. तरुणपणी ते एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले. समोरच्या गड्याने आदल्या दिवशी तिघांना स्ट्रेचरवरून घरी पाठवलेलं. पण सकाळी काट्यावर तो दोनशे ग्रॅम जास्त भरला आणि बाद झाला. मेत्र पाय न उचलता सुवर्णपदक घेऊन आले. विमानतळापासून मिरवणूक निघाली, ढोल वाजले, दोन बाळांना त्यांचं नाव ठेवलं गेलं. एखाद्या क्षुद्र माणसाने याचं श्रेय नशिबाला दिलं असतं. मेत्रनी त्यातून शास्त्र काढलं: सामना चटईवर होत नसतो, काट्यावर होतो.

पुढचं सगळं तर्कानेच आलं. लाथ मारायला ताकद लागते, ताकदीला भात लागतो, भाताला वजन असतं. सबब लाथ अभ्यासक्रमातून वगळण्यात आली. तिच्या जागी प्लास्टिकची पिशवी अंगात घालून भर दुपारी धावणे, आणि चिंच चोखून बाटलीत थुंकणे. (थुंकायचं बाक खिडकीशी आहे. वारा छान येतो.) मोठ्या मुलांना संध्याकाळी तळलेल्या केळ्यांच्या गाडीसमोर अर्धा तास उभं करतात, त्याला मनोबल म्हणतात. मागच्या हंगामात एकेचाळीस मुलांनी मिळून एकशे चौदा किलो कमी केले, म्हणजे साधारण चार मुलं. वार्षिक अहवालात हा आकडा 'बचत' या सदरात दिला आहे.

आम्ही पालकही मागे नव्हतो. स्पर्धेला तीन दिवस असताना एस्तेल चोवीस किलो सहाशे ग्रॅम भरली. मर्यादा चोवीस. मेत्रनी तिच्या डोक्याकडे पाहिलं. गंगावन जोडलेल्या बारीक वेण्या, टोकाटोकाला मणी; रविवारी सहा तास बसून मीच घातलेल्या.

"एस्तेलची आई, पोरीच्या डोक्यावर हे काय दुकान मांडलंय?"

"मेत्र, वेण्या आहेत."

"वेण्या कसल्या! तीनशे वीस ग्रॅम आहेत ते."

मी घरी जाऊन वेण्या सोडल्या, गंगावन आणि मणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. तीनशे वीस! माणसाची नजर म्हणजे नजर. उरलेले दोनशे ऐंशी ग्रॅम मात्र एस्तेलच्या आत होते. त्यासाठी दोन दिवस पाणी बंद केलं.

"अगं, घोटभर तरी दे तिला," नवरा म्हणाला.

"तुला खेळातलं काय कळतं?" मी म्हणाले. (तो शाळेत फुटबॉलचा गोलरक्षक होता.)

स्पर्धेत गेल्यावर समजलं की हे शास्त्र आता सगळ्याच क्लबांनी आत्मसात केलं आहे. चोवीसच्या आतल्या गटात एक मुलगी अशी होती की पुढच्या निवडणुकीत मत देऊ शकली असती. नऊपैकी सात सामने काट्यावरच निकालात निघाले. आठव्यात दोघी खाली बसल्या; जी आधी उठली ती जिंकली. अंतिम सामन्यात एस्तेलसमोरची मुलगी अभिवादनाला वाकली ती वर आलीच नाही. (सलाइन लावलं. आता बरी आहे म्हणतात.) पंचांनी एस्तेलचा हात उंच केला आणि बराच वेळ सोडला नाही, सोडला असता तर तीही गेली असती. सुवर्णपदक! मेत्र रडले. मी रडले. एस्तेल रडली नाही. तेवढं पाणी तिच्यात नव्हतं.

याला महिना झाला. पदक मिळालं त्या रात्री मी तिला भात वाढला, वर शेंगदाण्याचा रस्सा.

"आई, हे किती ग्रॅम?"

"बाळा, स्पर्धा संपली. खा आता."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मेत्र ठेवतात तसा. "एस्तेलची आई," ती म्हणाली, "सामना रोज असतो."

क्लबातून मी तिचं नाव काढलं. डॉक्टर बदलले. काल तिने अकरा चमचे पाणी घेतलं. परवा नऊ घेतलं होतं, तेव्हा प्रगती आहे. मेत्रना यंदा जीवनगौरव मिळाला. सत्काराची पत्रिका मलाही आली, विजेत्या खेळाडूची आई म्हणून, पहिल्या रांगेत.

तुमच्याकडेही एखादं पदक असेल, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं टांगलेलं. पोहण्याचं, नाचाचं, पाढ्यांचं, कशाचंही. ज्याचं आहे ते पोर आत्ता घरात कुठे आहे, जरा बघून या. जाता जाता त्याच्या दप्तरातली पाण्याची बाटली उचला. सकाळी भरून दिली होतीत तेवढीच जड लागते का? काटा आणू नका. हाताला कळतं.