शमुवेलरावांचा फाटका पडदा

साल २०२३. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात शमुवेलराव रणभिसे मला त्यांच्या दारात हात धुवायला सांगायचे. दारापाशी स्टुलावर भांडी धुवायची प्लास्टिकची पाटी, पाण्यानं भरलेली. तिला सोनेरी रंग मारलेला.

"हे गंगाळ आहे, टेलर. याजक हात धुतल्याशिवाय मंडपात जात नसे."

"मी याजक नाही. चहाला आलोय."

मी कधी धुतले नाहीत. मीटर बघायला आलेल्या गोऱ्या पोरानं मात्र धुतले आणि वर 'थँक्यू' म्हणाला.

शमुवेलराव माझे शेजारी. आम्ही दोघंही नगरकडचे ख्रिस्ती, दोघांच्याही बायका नर्स, त्यांच्या मागोमाग आम्ही इंग्लंडात लेस्टरला आलो. ते बस चालवायचे, मी कपड्यांच्या फॅक्टरीत शिवायचो. माझी शाळा चौथीत सुटली, पण चाळीस वर्षांत माझी एक शिवण उसवून परत आली नाही. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

रिटायर झाल्यावर माणसं बागेत टोमॅटो लावतात. यांनी घराचा निवासमंडप केला. म्हणजे बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकांनी रानात देवासाठी तंबू उभारला, तो. लाउंजमध्ये सात दिव्यांचा स्टँड, हा दीपवृक्ष. टेबलावर बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या बारा बाजरीच्या भाकरी, सहाची एक अशा दोन चवडी. त्या दर शनिवारी बदलायच्या, आणि शिळ्या कोणी खायच्या? मी. मागच्या बागेतला बार्बेक्यू ही वेदी. तिच्या धुरानं एकदा शेजारीण कौन्सिलला फोन करायला निघाली होती.

प्रत्येक वस्तूवर प्रवचन. दिवा म्हणजे जगाचा प्रकाश ख्रिस्त, भाकर म्हणजे जीवनाची भाकर ख्रिस्त. शेवटी बोट वर करून ठरलेलं वाक्य, "ही नुसती छाया, टेलर. खरी वस्तू निराळी."

तेही मी सोसलं असतं. पण तो पडदा.

लाउंज आणि मागची खोली यांच्यामध्ये गडद लाल मखमलीचा पडदा होता, जाड, उत्तम कापड, वरपासून पार खालपर्यंत फाटलेला. दोन्ही काठांची सुतं लोंबत होती. ते बघून माझे हात शिवशिवायचे. शिवाय मागच्या खोलीतली खिडकी गळकी, त्यामुळे हिवाळ्यात त्या फटीतून वारा थेट शमुवेलरावांच्या खुर्चीवर. माणूस खोकायचा आणि मला शिकवायचा, "प्रभूनं वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा वरून खाली फाटला. वरून, टेलर. माणूस फाडतो तो खालून. पलीकडं त्याच्यापाशी जायची वाट देवानं उघडली."

"देवाचं कापड देव बघेल. हे मी बघतो, द्या इकडं."

"हात लावू नका."

मला, टेलरला, कापडाला हात लावू नका म्हणाले.

जानेवारीत त्यांची छाती भरली आणि त्यांना इस्पितळात ठेवलं. ब्रॅकनेलहून त्यांच्या मुलीचा, शीलाचा, फोन आला. "काका, बाबा घरी यायच्या आत तो पडदा तेवढा बघा ना प्लीज. सगळी हीटिंग वाया जाते."

चावी माझ्याकडंच असायची. पडदा खाली काढला, मखमलीची लव जुळवून आतून हातानं टाका घातला. दोन दिवस बसलो. नंतर कुठं फाटलं होतं ते माझं मलाही बोटानंच शोधावं लागलं.

शमुवेलराव घरी आले. पडद्याकडं बघितलं आणि कोट न काढता खुर्चीत बसले. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"कुणी केलं?"

"दुसरं कोण करणार? वारा लागतो का आता?"

ते उठले, पडद्यावर वरपासून हात फिरवत फट शोधू लागले. सापडेना. तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही, पण रागही आला. इस्पितळातून आलेला माणूस, एक शब्द बरा नाही.

मग बसून म्हणाले, "शीलानं पुण्याच्या हिंदू पोराशी लग्न केलं. मी गेलो नाही. एस्तेर एकटी गेली. परत आली, हा पडदा लावला आणि मागच्या खोलीत राहायला लागली. मी इकडं, ती तिकडं. दोन किटल्या. दोन वर्षं, टेलर."

एस्तेरबाई म्हणजे त्यांची बायको. भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही, आणि मला पत्ता नव्हता.

"रोज सकाळी मी पडद्यापाशी उभा राहायचो. हात पोचत होता. उचलला नाही. चूक माझी, आणि उचलला नाही. मग एके दिवशी ती तिकडनं खुर्चीवर चढली आणि कातरीनं वर कापून टराटरा खालपर्यंत फाडला. म्हणाली, 'चहा गार होतोय.' पुढं एकच हिवाळा जगली."

"बाजूला सारला असता की. चांगलं कापड होतं."

"सारला असता तर परत ओढता आला असता."

मी विचारलं, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही कापड बघितलं."

"आणि ही फट पण छायाच म्हणायची का?"

"नाही," ते म्हणाले. बोट वर केलं नाही. "ही नाही."

मी सॉरी म्हटलं नाही. काम चोख झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारीक कातर आणि लाल रीळ घेऊन गेलो. दारातल्या पाटीत हात धुतले. मखमलीला हात लावायचा तर धुवावेच लागतात. शमुवेलरावांना म्हटलं, "ताणून धरा, हलवू नका," आणि माझाच टाका न् टाका वरून खाली उसवला. मग दोन्ही काठ दुमडून तुरपाई घातली, म्हणजे फट राहील आणि सूत सुटणार नाही. नंतर मागच्या खोलीत जाऊन त्या खिडकीच्या फटीत कापडाच्या पट्ट्या ठोकल्या. जायला पडद्यातून वाट होतीच.